सर्व्हर डाऊन नव्हता

(गेल्या रविवारी गल्लीतल्या वाचनालयात जमलेल्या पोरापोरींसमोर बोलले, त्याचा हा मजकूर. वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

मागं भिंतीला टेकून बसलेल्यांनी पुढं या की. लांबलचक भाषण नाही. एका ऑफिसातला कॉम्प्युटर चालत नव्हता, त्याची गोष्ट सांगणार आहे.

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. 'राज्यशास्त्रवालीला ब्राउझरमधलं काय कळतंय' असं आत्ता कुणीतरी हळूच म्हणालं, ते ऐकलंय मी. खरं आहे, कॉम्प्युटर मी कुठं शिकले नाही. पण बी.ए.ला असताना, २०२३ साली, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात अर्धवेळ कामाला होते. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय, सगळं एका टेबलावर. तिथं जे शिकले ते वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

त्या फाउंड्रीत एक मामा मोल्डिंगला होते. ५८ पूर्ण झाली, काम सुटलं. पीएफचे पैसे काढायचे होते. त्यांचं पगाराचं जुनं बँक खातं बंद पडलेलं, म्हणून नवं खातं पीएफला जोडायला हवं होतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणं ते जोडायला मालकाची मंजुरी लागायची, आणि ती मंजुरी म्हणजे डिजिटल सही. मालकाच्या नावाचं एक टोकन असतं, पेन ड्राइव्हसारखं दिसतं. ते कॉम्प्युटरला लावायचं, पिन टाकायचा, सही होते.

ती सही होत नव्हती.

मामा दर दोन दिवसांनी यायचे. दारात चपला काढून उभे राहायचे. आमचे क्लार्क काका मान वर न करता सांगायचे, "सर्व्हर डाऊन हाय मामा, सोमवारी या." सोमवारी यायचे. पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात मामा मला म्हणाले, "पोरी, सर्व्हर डाऊन हाय म्हणालेत, पण शेजारच्या कारखान्यातल्याचं झालं की. माझंच काय चुकलंय का?"

कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आधारवर नावात चूक असेल. ते एक दिवस रांगेत उभे राहून आधार तपासून आले. मग कुणी म्हणालं, बँकेचं पासबुक नवीन काढा. तेही काढलं. जिथं चूक नव्हती तिथं ते दुरुस्ती करत फिरत होते, स्वतःच्या खर्चानं.

आता ऑफिसात काय चाललं होतं ते सांगते. मॉनिटरच्या कडेला सेलोटेपनं एक कागद चिकटवलेला: 'जावा अपडेट करू नये.' काकांची एक वही होती, त्यात सही कशी करायची त्याच्या पायऱ्या लिहिलेल्या. पहिली पायरी, इंटरनेट एक्सप्लोरर उघडा. वही दहाएक वर्षांपूर्वीची. काका रोज जावा काढायचे, परत टाकायचे, कॉम्प्युटर बंद-चालू करायचे. काका आळशी नव्हते हं. त्यांना एकदा जे शिकवलं, ते त्यांनी प्रामाणिकपणे दहा वर्षं केलं.

पण मधल्या काळात खालची जमीनच बदलली होती. पूर्वी ब्राउझरला प्लगइन नावाची एक खिडकी असायची. बाहेरचा प्रोग्रॅम त्या खिडकीतून आत यायचा आणि कॉम्प्युटरला लावलेल्या टोकनपर्यंत पोचायचा. जावा तिथूनच यायचं, फ्लॅशही तिथूनच. त्याच वाटेनं चोरही यायचे, म्हणून ब्राउझरवाल्यांनी ती बंद केली. जुन्या पद्धतीची प्लगइन बंद करणार हे गूगलनं सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर केलं, आणि क्रोममधून ती सप्टेंबर २०१५ मध्ये पूर्ण काढली. फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये जावाची वाट बंद केली. फ्लॅश २०२० च्या शेवटी संपणार हे अडोबीनं जुलै २०१७ मध्येच सांगितलं होतं. जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररही गेला.

तारखा पाठ करायला सांगत नाही. एकच बघा, प्रत्येक वेळी सूचना वर्षं-वर्षं आधी आलेली आहे. रात्रीत काहीच बंद पडलेलं नाही. पण ती सूचना इंग्रजीत आली, कंपनीच्या पानावर आली, आणि ज्याच्या टेबलावर काम अडणार होतं त्याच्यापर्यंत कधी पोचलीच नाही.

आता सहीची पद्धत वेगळी आहे. बहुतेक ठिकाणी एक छोटं सॉफ्टवेअर आपल्याच कॉम्प्युटरवर चालू ठेवायचं असतं, आणि ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतो. तो पत्ता म्हणजे स्वतःचंच घर. म्हणजे 'सहीच्या सॉफ्टवेअरशी संपर्क होत नाही' असा संदेश आला, तर बिघाड दिल्लीत नसतो. तो आपल्या टेबलावर असतो.

हे मला कळलं आणि मी जोरात कामाला लागले. नवं सॉफ्टवेअर टाकलं. संदेश आला, संपर्क होत नाही. खाली घड्याळाजवळच्या चिन्हांत बघितलं तर ते चालूच झालं नव्हतं. राइट क्लिक करून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू केलं. मग ब्राउझर म्हणाला, या पत्त्यावर माझा विश्वास नाही. सॉफ्टवेअरसोबतच्या सूचनापत्रात सांगितल्याप्रमाणं त्याचं सर्टिफिकेट बसवलं. मग संदेश आला, टोकन सापडत नाही. टोकनचा ड्रायव्हर जुना होता, तो बदलला. यात तीन दिवस गेले. प्रत्येक वेळी संदेश बदलला की मला आनंद व्हायचा, कारण संदेश बदलला म्हणजे आपण एक पायरी पुढं सरकलो. हे लक्षात ठेवा, कामाचं आहे.

चौथ्या दिवशी टोकन दिसलं. आणि त्यातल्या सर्टिफिकेटची तारीख दिसली. ती दोन महिन्यांपूर्वीच संपली होती.

म्हणजे जावा बरोबर असतं, ब्राउझर बरोबर असता, सगळं बरोबर असतं, तरी सही झालीच नसती. डिजिटल सहीचं सर्टिफिकेट एक, दोन किंवा फार तर तीन वर्षांसाठी मिळतं. मुदत संपत आली की टोकनचं सॉफ्टवेअर आधीपासून एक छोटी चौकट दाखवतं, इतके दिवस राहिले म्हणून. ती चौकट आमच्याही स्क्रीनवर यायची. मी कामाला लागल्या दिवसापासून बघत होते. रोज सकाळी ओके दाबून आम्ही ती घालवत होतो. काकाही, आणि मीपण.

तीन दिवस मी जावाच्या मागं धावले. सगळ्यात आधी बघायची गोष्ट सगळ्यात शेवटी बघितली. माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगायला उभी राहिलेली नाही मी, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मालकांनी नवं सर्टिफिकेट काढलं, त्यासाठी कॅमेऱ्यासमोर ओळख पटवावी लागते. त्यात आणखी चार दिवस. मग मामांची मंजुरी एका मिनिटात झाली.

तुमच्यातले बरेच जण उद्या अशाच टेबलावर बसणार आहात. फाउंड्रीत, पतसंस्थेत, शाळेच्या ऑफिसात, सीए कडे. म्हणून क्रम सांगते, लिहून घ्या.

पहिलं, संदेश शब्दन्‌शब्द वाचा आणि मोबाईलवर फोटो काढा. 'काहीतरी इंग्लिशमध्ये आलं' हे उत्तर नव्हे.

दुसरं, सोपं आधी. टोकनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्टिफिकेट दिसतंय का? मुदत किती? कॉम्प्युटरची तारीख-वेळ बरोबर आहे का? तिथंच सर्टिफिकेट दिसत नसेल तर ब्राउझरला दोष देऊ नका, टोकन किंवा ड्रायव्हर बघा.

तिसरं, फक्त आपल्यालाच अडलंय का? दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा, मोबाईलचं नेट लावून बघा. दुसरीकडं चाललं तर सर्व्हर डाऊन नाही.

चौथं, दुसरा ब्राउझर किंवा इनकॉग्निटो खिडकी. एक्स्टेन्शन वेगळी आणि जुनी प्लगइन वेगळी. इनकॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तिथं चाललं तर एखादं एक्स्टेन्शन आड येतंय. पण सहीलाच एखादं एक्स्टेन्शन लागत असेल तर ते तिथं परवानगी देऊन चालू करा, नाहीतर उलटाच अर्थ लागेल.

पाचवं, काल चालत होतं ना? मग काल-आज मध्ये काय बदललं? विंडोज अपडेट, नवा अँटीव्हायरस, नवा ब्राउझर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि चाललं, तर कशानं चाललं हे पुढच्या वेळी कुणाला सांगणार?

आणि काय करायचं नाही तेही. कुठल्याही अनोळखी साइटवरून जुनं जावा उतरवू नका. अँटीव्हायरस बंद करून तसाच ठेवू नका. फोनवर 'मी दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात कॉम्प्युटर देऊ नका. पिन अंदाजानं टाकत बसू नका, ठराविक वेळा चुकला की टोकन लॉक होतं. आणि मालकाचं टोकन ड्रॉवरमध्ये अन् पिन मॉनिटरला चिकटवलेला, असं दिसलं तर स्पष्ट बोला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४२, सहीच्या किल्लीवर ताबा ठेवायची जबाबदारी ज्याची सही त्याची. उद्या काही घोटाळा झाला तर टेबलावर बसलेला माणूस आधी सापडतो. तो तुम्ही असाल.

आता माझ्या विषयाकडं येते. कोरियन सिरीयल इथं कोण कोण बघतंय? हात वर केले नाहीत तरी कळतंय.

दक्षिण कोरियात १९९९ साली डिजिटल सहीचा कायदा आला. त्या काळात अमेरिका मजबूत एन्क्रिप्शन बाहेरच्या देशांना सहज देत नव्हती. म्हणून कोरियानं सीड नावाची स्वतःची पद्धत केली. ब्राउझरमध्ये ती नव्हती, मग ॲक्टिव्हएक्स नावाचं प्लगइन लावलं. ते फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायचं. बँक, खरेदी, सरकारी काम, सगळ्याला तेच. दुसरा ब्राउझर वापरणारा माणूस स्वतःच्याच देशात अडायचा. वर्षानुवर्षं लोक कुरकुरत होते. मार्च २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी एका बैठकीत जाहीरपणे विषय काढला, निमित्त काय, तर 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' या सिरीयलमधल्या नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना ऑनलाइन घेता येत नव्हता! त्या खास सर्टिफिकेटचं कायद्यातलं विशेष स्थान संपायला मात्र डिसेंबर २०२० उजाडलं.

म्हणजे बघा, प्लगइन हा नुसता कॉम्प्युटरचा विषय नाही. कुठलं सॉफ्टवेअर लागणार हे कुणीतरी नियमानं ठरवतं, आणि नियम बदलता येतो.

आपल्याकडंही बदलला. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारनं पीएफला बँक खातं जोडताना लागणारी मालकाच्या मंजुरीची अटच काढून टाकली. खातं बँकेकडून तपासून होत होतंच, वर मालकाची सही कशाला? त्या वेळच्या सरकारी निवेदनात म्हटलं होतं की जवळपास १५ लाख सदस्यांच्या मंजुऱ्या मालकांकडं पडून होत्या. त्यातल्या किती मुदत संपलेल्या टोकनमुळं अडल्या असतील, ते मोजायला कुणी गेलं नसणार. पण आमचे मामा त्या १५ लाखांच्या आधीच्या रांगेत होते, एवढं मला माहीत आहे.

म्हणून दुरुस्ती दोन प्रकारची असते असं मी म्हणते. एक टेबलावरची: ड्रायव्हर, तारीख, सर्टिफिकेट. ती शिका, महिन्याभरात येते. दुसरी नियमातली: ही पायरी मुळात लागते का, असं विचारणं. ती विचारायला टेबलावर काय अडतंय हे लिहून ठेवलेलं पाहिजे. नुसतं 'सर्व्हर डाऊन' म्हणून घालवलेल्या दिवसांची नोंद कुठंच राहत नाही.

आणि मध्ये भाषा आहे. आमच्या त्या टेबलावर संदेश इंग्रजीत यायचा, सरकारी पत्र कन्नडमध्ये यायचं, मामा मराठीत विचारायचे. तिन्ही कळणारी पोरं आपल्याकडं घरटी आहेत. मग त्या चौकटीत काय लिहिलंय ते दारात उभ्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणं आपल्याला अवघड आहे का? 'मामा, सर्व्हर चालू आहे. मालकाच्या सहीची मुदत संपलीय. नवी निघायला आठवडा लागेल. तुम्ही हेलपाटा मारू नका, मी फोन करते.' एवढी चार वाक्यं. ती मी तीन आठवडे उशिरा बोलले.

मंजुरी झाली त्या दिवशी मी मामांना फोन केला. ते काही बोलले नाहीत, आधी विचारलं, "मग आधारमध्ये चूक नव्हती न्हवं?"

"नव्हती मामा. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

उद्या ऑफिसात गेलात की काम सुरू करण्याआधी एक करा. टोकन लावा, मुदतीची तारीख बघा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्या एक महिना आधीच्या दिवसाला लाल गोल करा. आणि चौकट आली तर ओके दाबायच्या आधी वाचा.

थांबते. प्रश्न असतील तर विचारा की.