आधी वाट, मग कोळसा



नाहूरच्या या वसंत व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, इतिहास यांवर अधिकाराने बोलणारी मंडळी येतात. त्यांच्या पंक्तीला कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला बसवलेत, याबद्दल चालकांचा आभारी आहे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर, उसन्या पुस्तकांवर. तेव्हा जे हातांनी केले आणि मागाहून पुस्तकात पडताळून पाहिले, तेवढेच आज सांगणार आहे.

विषय आहे जमिनीखालच्या कोळशाच्या खाणीचा. तिथे वाट कशी आखतात आणि कोळसा कोणत्या क्रमाने काढतात? आपण म्हणाल, भांडुप-मुलुंडकरांना त्याचे काय? डोक्यावरचा हा पंखा पाहा. आपल्या भागात वीज महावितरणची येते, आणि राज्याच्या विजेचा मोठा भाग चंद्रपूरच्या केंद्रात कोळशावर तयार होतो. आज वर्धा खोऱ्यातला बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो हे खरे. पण भूमिगत खाणीही आहेत, आणि ऐन पंचविशीत अशाच एका खाणीत मी कोळसा भरीत होतो.

खाणीचा पहिला प्रश्न कोळशाचा नसतो, वाटेचा असतो. थर खोल असेल तर उभा शाफ्ट खणतात. उथळ असेल तर उतरती वाट, म्हणजे इन्क्लाइन. पण वाट एक असून भागत नाही. इंग्लंडातील हार्टली खाणीला एकच शाफ्ट होता. १८६२ च्या जानेवारीत पाणी उपसणाऱ्या इंजिनाची प्रचंड तुळई तुटून त्यात कोसळली, वाट बुजली आणि २०४ माणसे गेली. त्याच वर्षी तिथे दोन वाटांचा कायदा झाला. आपल्याकडे १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी दोन वाटांमध्ये किमान १३.५ मीटर अंतर ठेवायला सांगितले. त्या आकड्यामागे २०४ तिरड्या आहेत, हे तो पाठ करणाराने विसरू नये.

वाट झाली की क्रम येतो. आपल्या महाराष्ट्रात मुख्यतः खांबपद्धती चालत आली. आधी थरात आडवे-उभे रस्ते पाडायचे आणि मध्ये कोळशाचे चौकोनी खांब छताला आधार म्हणून ठेवायचे. मग हद्दीपर्यंत पोहोचल्यावर मागे फिरत तेच खांब काढीत यायचे. रिकाम्या झालेल्या जागेला गोफ म्हणतात. तिथले छत मागोमाग पडलेच पाहिजे. ते लोंबकळत राहिले, तर त्याचा भार पुढच्या खांबांवर म्हणजेच कामगाराच्या डोक्यावर येतो. म्हणून खांब काढण्याची रेषा तिरकी ठेवतात. एखादा खांब मागे राहून गोफात घुसलेला राहिला, तर दोन बाजूंचा भार त्याच्यावर पडतो.

दुसरी पद्धत लाँगवॉलची, म्हणजे लांब भिंतीची. ती समजायला आपण आपलाच परिसर घेऊ. लालबहादूर शास्त्री मार्ग आणि रेल्वे हे जमिनीखालचे दोन समांतर बोगदे समजा. अंतर फार मोठे आहे, पण कल्पना यावी म्हणून सांगतो. नाहूरला मुख्य रस्ते आहेत. तिथून दोन्ही बोगदे मुलुंडपर्यंत खणायचे आणि मुलुंडला आडव्या बोगद्याने जोडायचे. त्या आडव्या बोगद्याची एक बाजू ही कोळशाची लांब भिंत. तिच्यासमोर पोलादी जॅकांची रांग छत पेलून उभी राहते. यंत्र भिंत सोलत एका टोकाकडून दुसरीकडे जाते. जॅक पुढे सरकतात आणि मागे छत पडते. असे मुलुंडकडून नाहूरकडे मागे हटत यायचे. एका बोगद्यातून ताजी हवा येते, दुसऱ्यातून वापरलेली जाते.

मागे हटत का यायचे? कारण दोन्ही बोगदे खणताना थरातला तडा, पाणी, वायू सारे आधीच कळते. आणि पडझड नेहमी आपल्या पाठीमागे राहते, परतीची वाट शाबूत असते. आपल्या देशात स्वयंचलित आधारांची लाँगवॉल १९७८ साली झरियाच्या मुनिडीह खाणीत आली. वर्धा खोऱ्याच्या खाली, गोदावरीच्या काठच्या कोळसापट्ट्यात, रामगुंडमजवळ अड्रियाला येथे २०१४ साली २५० मीटर लांबीची भिंत सुरू झाली. पण यंत्र आणले म्हणजे छत ऐकतेच असे नाही. १९९० साली चुरचा खाणीत कोळशावरचा कठीण काळा पाषाण वेळेवर पडला नाही. पडला तेव्हा पोलादी आधार चिरडले गेले.

आता पाण्याकडे वळू. वरच्या अंगाचा कोळसा आधी काढला की तिथल्या पोकळीत पाणी साठते, आणि खालच्या अंगाला काम करणाऱ्याच्या डोक्यावर तळे उभे राहते. १९५४ च्या डिसेंबरात छिंदवाड्याच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ जण गेले. १९७५ च्या नोव्हेंबरात नागपूरजवळच्या सिलेवाडा खाणीत १०, आणि पुढच्याच महिन्यात चासनाला येथे ३७५. त्या १९५७ च्या विनियमांत म्हटले होते की, पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत जायचे तर आधी परवानगी घ्या आणि पुढे भोके पाडून चाचपत जा. पण जुन्या कामाचा नकाशाच चुकीचा असेल, तर ६० मीटर मोजायचे कोठून?

चुकीच्या क्रमाची किंमत वर राहणाराही देतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्गुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर भूमीत गडप झाले. खाली जुनी खाण होती. घरची माणसे वेळीच बाहेर पडली, हे नशीब.

आता माझी गोष्ट सांगतो. आमच्या खाणीत खांबांची तिरकी रेषा नकाशावर आखलेली होती आणि तो नकाशा कचेरीत भिंतीवर टांगलेला होता. मार्चअखेर आली, टनांचा आकडा अपुरा होता. वरून हुकूम आला की, जो खांब सोपा तो आधी काढा. आमच्या टोळीने मान डोलावली; जादा पाळीचे पैसे कोणाला नको होते? मीही डोलावली. चौथ्या दिवशी छत आले. माझ्या जोडीदाराचा उजवा पाय गेला. चौकशीत साहेबाने नकाशा मेजावर पसरून मला विचारले, "तुमचा खांब कोणता? बोट ठेवा." मला ठेवता आले नाही. रोज ज्याच्याखाली आठ तास उभा राहत होतो, तो खांब मला कागदावर ओळखता येईना. चौकशीत चूक कामगारांची ठरली. ती सगळी आमची नव्हती. पण ती कोणाची, हे सिद्ध करायला लागणारी लिपी आम्हाला येत नव्हती. त्या रात्रीपासून मी नकाशा शिकू लागलो.

शिकल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. खाणीत टन मोजतात, रस्त्याचे मीटर मोजण्याची घाई कोणालाच नसते. कोळसा झपाट्याने निघतो, पुढची वाट सावकाश खणली जाते. वाट मागे पडली की आजची भिंत संपते आणि उद्याची तयार नसते. मग घाई होते, राखायचा खांब खाल्ला जातो. अपघाताचे मूळ म्हणून पुष्कळदा सहा महिने आधीच्या त्या न खणलेल्या रस्त्यात असते. खाणनियमांत पुढे कामगार निरीक्षक आले, सुरक्षा समित्या आल्या. ते कामगार चळवळीचे मोठेच यश होय. परंतु ज्याला नकाशा वाचता येत नाही, असा समितीतला कामगार तिथे चहा पिऊन सही करून येतो.

पुढे मी मुंबईला आलो आणि या रस्त्यालगतच्या कारखान्यांत संघटनेचे काम करू लागलो. मागणीपत्रक लिहायला बसलो की मंडळी पगारवाढ पहिली लिहितात. ती लिहावीच. पण मी तिच्याही वर एक ओळ लिहायला लावतो : कामाच्या जागेचा नकाशा आणि कामाचा क्रम आमच्या भाषेत हजेरीच्या खिडकीपाशी लावा, आणि तो बदलायचा असेल तर आधी आम्हाला विचारा. मालक हसतात, या मागणीला पैसा लागत नाही, म्हणून मान्यही करतात. पण मान्य झाल्यावर आपल्या माणसाने त्या कागदासमोर उभे राहून आपल्या जागेवर बोट ठेवले पाहिजे. ते काम मालकाचे नव्हे, आपले आहे.

माझा तो जोडीदार आज गावी असतो. गेल्या दिवाळीत भेटलो तेव्हा त्याने विचारले, "आता सांगता येईल का रे, आपला खांब कोणता होता?" मी कागद घेऊन त्याला काढून दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला.