हवेला वाट, धुराला वाट
(रेल्वे कामगार शाखा मेळाव्यातील भाषण)



पेन्शन आणि रिक्त जागांवर आज बरेच बोलणे झाले. मी एका लहान वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहे. तो म्हणजे आपल्या क्वार्टरमधील गॅस गिझर.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आमच्या कॉलनीत एका ट्रॅकमनचा मुलगा न्हाणीघरात बेशुद्ध पडला. कडी जुनी होती म्हणून दार एका धक्क्यात उघडले आणि पोरगा वाचला. लोक म्हणाले, गॅस गळला असेल. पण वास कोणालाच आला नव्हता. नळी, रेग्युलेटर, सगळे ठीक होते. मग झाले काय?

बंधूंनो, सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो. जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पाय गळतात आणि माणसाला कडी काढायलाही उठवत नाही.

हिशेब पाहा. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट, अशा न्हाणीघरात हवा मावते साडेपाच घनमीटरच्या आत. तीच हवा गिझरला आणि तीच आपल्याला. ती संपायच्या कितीतरी आधी विष तयार होऊ लागते.

जुन्या फायरमनना हे सांगावे लागत नसे. इंजिनात हवा खालच्या डँपरमधून येई आणि धूर चिमणीतून जाई. यातली एक वाट बंद झाली की आग बिघडे. अमेरिका-कॅनडासारख्या थंड मुलुखात घर तापवणाऱ्या आधुनिक गॅस भट्टीला बहुधा दोन पाइप असतात. एक बाहेरची हवा आत आणतो, दुसरा धूर बाहेर नेतो. बाहेर टाकलेला धूर पुन्हा आत ओढला जाऊ नये अशा बेताने त्यांची तोंडे ठेवतात आणि ती बर्फाने बुजू नयेत म्हणून उंचावर घेतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण थंडी लागते म्हणून जाळीवर पुठ्ठा लावणारे आपणच आहोत!

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्या. धुराचा पाइप जोडायची सोयच नसलेला गिझर तर न्हाणीघरात कधीच नको. दुसरी, धुराचा पाइप धातूचा असावा, गिझरच्या तोंडापेक्षा बारीक नसावा, आधी सरळ वर जावा आणि त्याला वळणे कमी असावीत. त्याचे तोंड उघड्या आकाशाखाली निघावे. बंद डक्टमध्ये किंवा शेजाऱ्याच्या खिडकीखाली नको. तिसरी, हवा येण्याची खालची जाळी कधी बुजवू नका. पंखा लावला म्हणजे काम झाले असेही समजू नका. बाहेरून हवा यायला वाट नसेल तर तोच पंखा पाइपातला धूर उलटा आत ओढतो. चौथी, कोणी पडलेले दिसले तर आधी दार-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि दवाखान्यात गिझर चालू होता हे आवर्जून सांगा.

पण सगळा दोष कामगाराच्या माथी मारणे मला मान्य नाही. क्वार्टरच्या भिंतीला भोक पाडायला परवानगी लागते. अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो आणि घरात लहान मुले, म्हातारी माणसे असतात. मग माणूस बाजारातून गिझर आणतो आणि जागा मिळेल तिथे टांगतो. प्रत्येक क्वार्टरला बाहेरच्या भिंतीवर गिझरची ठरलेली जागा आणि न्हाणीघराला वर-खाली कायमच्या उघड्या जाळ्या मिळाल्या पाहिजेत, ही आपली मागणी आहे. कॉलनी केअर कमिटीत आम्ही ती मांडली आहे. आता पी.एन.एम.च्या विषयपत्रिकेवर ती आणायची आहे. उशीर आमच्याकडूनही झाला, हे मी सेक्रेटरी म्हणून कबूल करतो.

रुळावर आपण सुरक्षिततेची शपथ घेतो. ड्यूटी संपवून घरी आलेला कामगार आणि त्याची मुलेबाळे घरातही सुरक्षित असली पाहिजेत. आज घरी गेल्यावर पहिले काम एवढेच करा : जाळीवरचा पुठ्ठा काढा.

कामगार एकजुटीचा विजय असो!