तारामतीनंतर कोण?



कोल्हापुरात चित्रपटावर बोलणे म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देण्यासारखे आहे. म्हणून ओळख राहू द्यावी आणि एकच प्रश्न विचारावा, असे आम्ही ठरविले. जुनी कथा पडद्यावर जाते तेव्हा तिच्यातील कोणत्या माणसांना चेहरा मिळतो, आणि कोणती माणसे नुसती कथेच्या सोयीसाठी उभी केली जातात?

हरिश्चंद्राचेच घ्या. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. उपाहारगृहात कामास असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. १९२० साली आमच्या बाबूराव पेंटरांनी खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वरून 'सैरंध्री' केला. त्यात गुलाबबाई व अनसूयाबाई यांनी कामे केली, पण पडद्यासाठी त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. बाई चालली, नावातली 'बाई' मात्र चालली नाही! पुढे १९३२ साली प्रभातने याच गावात 'अयोध्येचा राजा' केला आणि दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. एकोणीस वर्षांत राणीची सोय झाली.

पण त्या कथेत एक डोंबही आहे. राजा त्याला विकला जातो, स्मशान राखतो, आणि आपण हळहळतो. कशासाठी? राजाला डोंबाची चाकरी करावी लागली म्हणून. ज्याला ती चाकरी जन्माबरोबरच मिळाली, त्याच्यासाठी कोणी डोळे पुसले आहेत काय? त्याच्या खोपटातून हा राजा कसा दिसत असेल, हे दाखविणारा हरिश्चंद्र आमच्या तरी पाहण्यात नाही.

पुराणे सोडून बाबूराव समाजाकडे वळले, तेव्हा थोडे निराळे घडले. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' केला. सावकाराच्या कागदांत सापडून जमीन गमावलेला कुणबी पडद्यावर आला, आणि ते काम तरुण शांतारामांनी केले. मुकुट उतरला, मुंडासे आले. त्या बोलपटपूर्व चित्राची प्रत उरलेली नाही, ही हानी मोठीच.

अलीकडे आपल्याच जिल्ह्यातील राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्यांचा आधार घेऊन 'जोगवा' हा चित्रपट २००९ साली आला. यल्लम्माला सोडलेल्या जोगत्याचे दुःख उपेंद्र लिमये यांनी असे उभे केले की त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि ते योग्यच होते. त्याआधी १९७७ साली गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'मध्ये मोहन आगाशे व स्मिता पाटील ठाकर झाले होते.

येथे कोणी म्हणेल, नटाने दुसऱ्याचे सोंग घ्यावे हाच त्याचा धर्म. मग चोराचे काम चोरालाच द्यावयाचे काय? मुळीच नाही. आमची तक्रार निराळी आहे. हा रस्ता एकाच बाजूने का वाहतो? शहरातला नट ठाकर होतो, जोगता होतो. ठाकरवाडीतला पोरगा हरिश्चंद्र होतो काय? २०१३ साली 'फँड्री'त हलगी वाजविणारा सोमनाथ अवघडे नायक झाला आणि साऱ्यांनी वाखाणला. परंतु ती भूमिका गावकुसाबाहेरच्याच पोराची होती. त्याला राजपुत्र करून पाहावे, असे कोणाच्या मनात आले?

विलायतेत १९६५ च्या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए तोंडाला काळे फासून ऑथेल्लो झाला. त्याच देशात २०१९ साली गुजराती वंशाचा देव पटेल डिकन्सचा डेव्हिड कॉपरफील्ड झाला. त्याने चेहऱ्याला काही फासले नाही, आणि डिकन्सचेही काही बिघडले नाही.

मोरेवाडीच्या चित्रनगरीत कोणी पुन्हा हरिश्चंद्र करावयास घेतला, तर आमची एवढीच विनंती की राजाच्या कामासाठी वाडीवस्तीवरच्या मुलांनाही बोलवावे, आणि डोंबाला चार वाक्ये जास्त द्यावीत.