तळघरातला गाळ
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



गणपतीच्या मांडवात मैलापाण्यावर काय बोलायचे, असे मी आपल्या सचिवांना म्हटले. ते म्हणाले, "काका, समोर बसलेल्यांतले निम्मे कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत. बोलाच." म्हणून उभा आहे.

बंगळुरूत मोठ्या निवासी संकुलांना स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे एसटीपी, चालवावे लागते. बहुतेक ठिकाणी ते तळघरात, गाड्यांच्या मागे असते. वास सुटला की त्याची आठवण होते. माझी सगळी नोकरी ह्या केंद्रांत गेली. तक्रार कोणतीही असो, खोलात गेलो की बहुतेक वेळा एकच कारण सापडे : गाळ वेळेवर काढलेला नसे.

हा गाळ जिवंत असतो. ब्लोअरने हवा दिली की टाकीतले जिवाणू सांडपाण्यातली घाण खाऊन वाढतात. पुढच्या टाकीत त्यांचे पुंजके तळाशी बसतात आणि वरचे पाणी निवळते. बसलेल्यातला बराच गाळ परत पहिल्या टाकीत सोडतात. कालच्या दह्याचे आज विरजण लावतो, तसेच. ही पद्धत 1914 मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. त्यांना दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे आपल्या इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. बंगळुरूकरांनी एवढा अभिमान बाळगायला हरकत नाही!

पण हे विरजण रोज वाढते. ढोबळ हिशेब सांगतो. 200 घरांचे संकुल, रोजचे 1 लाख लिटर सांडपाणी. त्यातून कोरड्या वजनाने रोज 12 ते 15 किलो नवा गाळ तयार होतो. ऐकायला किरकोळ वाटते. मात्र टाकीतून निघताना त्यात शंभरातले नव्व्याण्णव भाग पाणीच असते. म्हणजे रोज हजार-दीड हजार लिटर पातळ गाळ बाहेर काढायचा, फिल्टर प्रेसमध्ये दाबायचा. मग 50-60 किलोच्या ओलसर वड्या उरतात.

घोडे अडते ते इथे. प्रेसचे कापड फाटते, ऑपरेटर एकटा असतो, वड्या न्यायला कोणी येत नाही. गाळ आत राहतो. पहिले काही आठवडे पाणी स्वच्छच दिसते, त्यामुळे कोणी विचारीत नाही. मग साठलेल्या गाळाला ब्लोअरची हवा पुरेनाशी होते, निवळण्याच्या टाकीत थर वर वर चढतो आणि एका सकाळी फ्लशला काळे पाणी येते.

एका संकुलाने कापडाचा खर्च तीन बैठका पुढे ढकलला होता. शेवटी टाकी उपसायची ठरली. कंत्राटदार दोन कोवळी मुले घेऊन आला, साधा दोरही जवळ नव्हता. मी झाकण लावून त्यावर उभा राहिलो. कमिटीतल्यांचा माझ्यावर राग आजही आहे. असू दे. जानेवारी 2018 मध्ये बंगळुरूतल्याच एका संकुलाच्या केंद्रात गाळ साफ करायला गेलेले तिघे दगावले. साचलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याला कुजक्या अंड्यांचा वास असतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणून वायू गेला असे समजून माणूस पुढे उतरतो. गटारांत मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. फिल्टरच्या कापडाला किती पैसे पडतात, ते कमिटीवाल्यांनी आपापल्या हिशेबाच्या वहीत पाहावे.

गाळ निघतो की नाही हे कळायला इंजिनियर लागत नाही. हवेच्या टाकीतले पाणी लिटरच्या मोजपात्रात भरा आणि 30 मिनिटे हलवू नका. गाळ कुठल्या खुणेपर्यंत बसला तो आकडा रोज वहीत उतरवा. आठवडाभर तो चढतच राहिला तर ऑपरेटरला विचारा. कधी कधी गाळ वाढलेला नसून फुगलेला असतो आणि नीट बसत नाही. तो रोग वेगळा, म्हणून महिन्यातून एकदा नमुना प्रयोगशाळेत द्यावा.

आमच्या इमारतीतले पाणी असे एका मोजपात्रात भरून आणले आहे. प्रसादाच्या टेबलापासून लांब, चपलांच्या स्टँडजवळ ठेवले आहे. आरती होईपर्यंत गाळ बसेल. जाता जाता आकडा पाहून जा, फक्त पात्राला धक्का लावू नका.