औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे



आम्ही दोघं नवरा-बायको सॉफ्टवेअर इंजिनियर. काही बिघडलं की आधी इंटरनेटवर शोधायचं आणि लगेच उपाय सुचवायचा, ही आमची सवय. २०२१ साली पुण्यात आईंना स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं, तेव्हा न्यू जर्सीत बसून आम्ही तेच केलं. रात्र-रात्र वाचलं आणि भारतात जाणाऱ्या एका मित्राबरोबर हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्या. हळदच ती, तिने काय अपाय होणार?

तिसऱ्या कीमोआधी रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले. "आणखी काही घेताय का?" डॉक्टरांनी विचारलं. आईंनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मुलांनी पाठवलंय." बाबांनी हे फोनवर सांगितलं तेव्हा आम्हाला काय बोलावं ते सुचेना. कॅप्सूल बंद झाल्या, कीमो पुढे ढकलली गेली. दोष कॅप्सूलचाच, असं डॉक्टर ठामपणे म्हणाले नाहीत. पण अर्काच्या मोठ्या मात्रेने काहींच्या यकृताला त्रास होतो, हे त्यांनी सांगितलं. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी आणि कॅप्सूलमधली वेगळी!

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी दोन शब्दांतला फरक समजावला. पूरक उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, कीमो, रेडिएशन चालू ठेवून त्रास हलका करणारे. पर्यायी म्हणजे ते सोडून दुसरंच काही. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कर्करोग शरीरात पसरलेला नसतानाही केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांना मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट दिसला.

मग पूरक काय? थकव्यासाठी बेताचं चालणं आणि सोपी योगासनं. काळजी आणि झोपेसाठी ध्यान, आवडतं संगीत. स्तनाच्या कर्करोगावरच्या हार्मोनच्या गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या २२६ स्त्रियांवर अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरची चाचणी झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत दुखणं थोडं, पण नक्की कमी झालेलं दिसलं. मळमळीवर डॉक्टरांच्या गोळीच्या जोडीला मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं कोपराकडे दाब देतात. बाबा ते शिकले. कीमोच्या संध्याकाळी ते आईंचं मनगट दाबत बसत. "चाळीस वर्षांत एवढा वेळ हात धरला नव्हता," असं आई अजून हसत सांगतात.

यातल्या कशानेही गाठ विरघळत नाही. पण दिवस निभावतो, आणि दिवस निभावला की माणूस पुढच्या कीमोला उभं राहतं.

मंडळी, आज जमणारा निधी महाराष्ट्रातल्या कर्करुग्णांच्या शुश्रूषेसाठी, समुपदेशनासाठी आणि योगवर्गांसाठी आहे. ज्यांच्या घरी परदेशातून फोन करणारं कुणी नाही, त्यांच्यापर्यंत तो पोचावा. तेव्हा सढळ हाताने द्या. आणि एक विनंती: आपल्या माणसाला कुठलीही बाटली पाठवण्याआधी तिचं नाव त्यांच्या डॉक्टरांना कळवा. तो एक फोन आम्ही केला नव्हता.