भुतांच्या वाड्याची डागडुजी

जुन्या घराची डागडुजी म्हटली, की गवंडी आला, सुतार आला, रंगारी आला. गळती थांबवायची, वाळवी काढायची, भिंती रंगवायच्या. पण ज्या घरात धूळ आणि कोळिष्टकं मुद्दाम राखावी लागतात, जिथलं दार करकरलं नाही तर येणारा माणूस नाराज होतो, अशा घराची डागडुजी कशी करायची? काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

आज मी तुम्हाला अशाच एका घराबद्दल सांगणार आहे. ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावी, डिस्नेलँडमध्ये आहे. त्याचं नाव 'हाँटेड मॅन्शन'. आपण त्याला भुतांचा वाडा म्हणू. ९ ऑगस्ट १९६९ रोजी तो लोकांसाठी उघडला आणि आजही त्याच्या दारात रांग असते. माझं आयुष्य नाटकांच्या प्रकाशयोजनेत गेलं. लेक कॅलिफोर्नियात असल्यामुळे हा वाडा मला दोनदा बघायला मिळाला, एकदा २००८ साली आणि पुन्हा २०२५ साली. इतर लोक तिथे भुतं बघतात. मी मात्र दिवे कुठे लपवले आहेत ते शोधत असतो. सवयीला औषध नाही!

आपली भुतं तुम्हाला ठाऊक आहेतच. पिंपळावरचा मुंजा, विहिरीजवळची हडळ, गावाच्या शिवेवरचा वेताळ. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि प्रत्येकाची काही ना काही वासना राहून गेलेली. डिस्नेच्या वाड्यातली भुतं वेगळी. ती तिथे राहायला आली आहेत ती आमंत्रणावरून. वाड्याचं बाहेरचं बांधकाम १९६३ सालीच पुरं झालं होतं, पण आत काहीच तयार नव्हतं. तेव्हा फाटकावर एक पाटी लावली होती. निवृत्त होऊ इच्छिणाऱ्या भुतांनी राहण्याच्या जागेसाठी इथे अर्ज करावेत, अशा अर्थाची! आजही वाड्यातला निवेदक सांगतो, की इथे नऊशे नव्व्याण्णव भुतं राहतात आणि हजाराव्यासाठी जागा रिकामी आहे.

बाहेरून वाडा अगदी नीटनेटका आहे. पांढरे खांब, नक्षीदार लोखंडी कठडे, कापलेली हिरवळ. सुरुवातीला चित्रकारांनी पडका, झाडोऱ्यानं वेढलेला वाडा रंगवला होता. वॉल्ट डिस्नेंना ते पसंत पडलं नाही. आपल्या स्वच्छ उद्यानात पडकं घर त्यांना नको होतं. बाहेरची निगा आम्ही राखू, आतलं भुतं बघून घेतील, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे या वाड्याचा पहिला वाद तो बांधण्याआधीच झाला.

दुसरा वाद त्याहून मोठा. डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने गेले. मागे राहिलेल्या कलावंतांत दोन मतं होती. क्लॉड कोट्स हे पार्श्वभूमी रंगवणारे चित्रकार. त्यांना अंधारे बोळ, रिकाम्या खोल्या, कसलीशी चाहूल हवी होती. मार्क डेव्हिस हे पात्रं जिवंत करणारे. त्यांना गमतीदार, हसरी भुतं हवी होती. शेवटी दोघांचंही ठेवलं गेलं. पहिल्या भागात भुतं जवळजवळ दिसतच नाहीत. दाराच्या कड्या हलतात, दारं फुगतात, कोणी तरी आतून ठोठावतं. नंतरच्या भागात मात्र भुतांची मेजवानी, नाच, स्मशानातली गाणीबजावणी. एक्स अटेन्सिओ यांनी संहिता आणि गीत लिहून हे दोन तुकडे जोडले. आधी चाहूल आणि मग दर्शन, हा क्रम आपल्या आजीच्या गोष्टीतही असतो. म्हणूनच तो टिकला असावा.

आता या वाड्याची यंत्रणा थोडी समजून घेऊ, म्हणजे डागडुजीची अडचण लक्षात येईल.

प्रथम तुम्ही एका अष्टकोनी खोलीत येता. दार बंद होतं. भिंतीवरच्या तसबिरी हळूहळू लांब होऊ लागतात आणि खोली ताणली जाते. खरी गोष्ट अशी, की ती खोली म्हणजे लिफ्ट आहे. राइडची मुख्य इमारत उद्यानाच्या कडेनं धावणाऱ्या आगगाडीच्या रुळांपलीकडे आहे. रुळांखालून माणसं न्यायची तर आधी त्यांना खाली उतरवायला हवं. ही अडचण झाकण्यासाठी ती युक्ती काढली. पुढे १९७१ साली फ्लोरिडात असाच वाडा उभा राहिला. तिथे खाली उतरायची गरज नव्हती, तरी ती खोली ठेवलीच. तिथे जमीन जागेवर राहते आणि छत वर जातं. गरज संपली, तरी रीत राहिली. आपल्याकडच्या कितीतरी रीती अशाच उरल्या असतील, नाही का?

त्यानंतर तुम्ही काळ्या, शिंपल्यासारख्या आकाराच्या गाडीत बसता. या गाड्या एकामागून एक, न थांबता, साखळीसारख्या चालतात आणि ठरलेल्या जागी वळतात. तुम्ही काय बघायचं, ते गाडी ठरवते. नाटकात हे काम आम्ही दिव्यांनी करतो.

मग येतो मेजवानीचा दिवाणखाना. तुम्ही सज्जातून खाली बघता. खाली धूसर, आरपार दिसणारी भुतं नाचत असतात, मध्येच नाहीशी होतात, पुन्हा दिसतात. ही युक्ती मुळात नाटकवाल्यांची! तिला 'पेपर्स घोस्ट' म्हणतात. हेन्री डर्क्स यांची मूळ कल्पना, आणि १८६२ साली लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी ती रंगमंचावर आणली. युक्ती समजायला फार काही लागत नाही. रात्रीच्या एस.टी.त खिडकीशी बसलात, की काचेत आतला दिवा आणि शेजारचा प्रवासी दिसतो, आणि तो बाहेरच्या अंधाऱ्या शेतावरून तरंगत चालल्यासारखा वाटतो. तेच हे. समोर प्रचंड काच, आणि तिच्यात न दिसणाऱ्या जागी ठेवलेल्या, उजेडात असलेल्या बाहुल्यांची प्रतिबिंबं. बाहुलीवरचा दिवा गेला, की भूत गेलं.

आता गंमत बघा. प्रतिबिंबात डावं-उजवं उलटं होतं. त्यामुळे नाचणाऱ्या जोड्यांत पुरुषानं बाईला न्यायच्या ऐवजी बाईच पुरुषाला नेताना दिसते. रसिकांनी ही चूक केव्हाच पकडली. पण चूकही आता त्या घराची झाली आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही युक्ती संगणकाच्या युगातही तिथे चालू आहे, कारण काचेतलं ते भूत खरोखर त्या खोलीत आहे असं वाटतं. पडद्यावरचं चित्र कितीही स्वच्छ असलं, तरी ते पडद्यावरच राहतं. जे अजून काम देतं, त्याला हात लावू नये, हा डागडुजीतला पहिला धडा.

दुसरा धडा याच्या उलट आहे. १९६९ साली माळ्यावर एक भूत ठेवलं होतं. अंगात झगा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात टोपीचा डबा. खांद्यावरचं डोकं नाहीसं व्हायचं आणि डब्यात दिसायचं, अशी योजना होती. पण गाड्या फार जवळून जात आणि आसपासचा उजेड पडे, त्यामुळे डोकं पुरतं नाहीसं होतच नसे. ते भूत लवकरच काढून टाकलं. मात्र लोक त्याला विसरले नाहीत. त्याची छायाचित्रं जपली गेली, आठवणी सांगितल्या गेल्या. अखेर २०१५ साली, डिस्नेलँडला साठ वर्षं झाली तेव्हा, नव्या तंत्रानं ते परत आलं, आणि या वेळी डोकं खरोखर नाहीसं झालं. कल्पना १९६९ ची आणि साधन २०१५ चं! इथे नवं तंत्र जुन्या कल्पनेच्या सेवेला आलं. २०२३ साली फ्लोरिडातल्या वाड्यातही हे भूत बसवलं, तेव्हा मात्र ते माळ्यावर न ठेवता दुसरीकडे ठेवलं, म्हणून कित्येक चाहते रुसले. भुतालाही आपली जागा असते!

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. माळ्यावर पहिल्यापासून एक वधू आहे. मुळात ती होती एक अनोळखी आकृती, छातीत धडधडणारं लाल काळीज. तिची गोष्ट कोणी सांगत नसे. २००६ साली तिला नाव आणि गोष्ट मिळाली. कॉन्स्टन्स, पाच नवऱ्यांची मुंडकी उडवणारी. भिंतीवरच्या लग्नाच्या तसबिरींतून नवऱ्यांची डोकी गायब होत आणि तिच्या हातात कुऱ्हाड दिसे. २००८ साली मी हे पाहिलं, तेव्हा माझी नात सहा वर्षांची होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "आजोबा, तिनं त्यांना का मारलं?" मी म्हटलं, "पैशासाठी." ती म्हणाली, "मग ती भूत कशी झाली? भूत तर ते व्हायला हवेत ना?" मला उत्तर सुचलं नाही. नाटकात असता तर हा प्रश्न तालमीतच कोणी तरी विचारला असता.

२०२५ च्या जानेवारीत ती कुऱ्हाड गेली. आता तिथे एक उदास वधू आहे. पाहणाऱ्यानं तिची गोष्ट स्वतःच जुळवायची. डिस्नेच्या जुन्या कलादिग्दर्शक किम आयर्विन यांनी सांगितलं, की खुनाचं असं कौतुक आता बरं दिसत नव्हतं. हेही त्यांनी मान्य केलं, की काहींना हा बदल रुचेल आणि काहींना नाही. इथे तंत्र जुनं झालं नव्हतं. बघणाऱ्यांची नजर बदलली होती.

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. नात आता नोकरी करते. मला नवी वधू आवडली, कारण पहिल्या भागातली ती न सांगितलेली भीती माळ्यावर परत आली होती. नात मात्र फुरंगटली. "आजोबा, माझी वधू काढून टाकली त्यांनी," म्हणाली. मी तिला तिच्या लहानपणच्या प्रश्नाची आठवण दिली. ती म्हणाली, "प्रश्न पडायचा, म्हणूनच तर ती लक्षात राहिली." यावर वाद घालायला जागाच नव्हती. तिच्या दृष्टीनं २००६ ची वधू हीच मूळ वधू. त्याआधी सदतीस वर्षं तिथे दुसरी कोणी होती, हे तिच्या गावीही नव्हतं.

जुनं नाटक पुन्हा उभं करताना आम्हाला हाच अनुभव येतो. संगीत नाटकं एके काळी रात्रभर चालत. ती कापून तीन तासांवर आणली, तेव्हा जुने रसिक हळहळले. आज ती तीन तासांची आवृत्ती पाहून वाढलेले लोक त्यातलं एखादं पद गाळलं तरी रागावतात. प्रत्येक पिढी आपण पहिल्यांदा पाहिलं त्यालाच 'मूळ' म्हणते. डागडुजी करणाऱ्याला ऐकावं सगळ्यांचं लागतं. पण पहिल्यांदाच दारातून आत येणाऱ्या मुलाला मात्र वाद घालता येत नाही. त्याच्या वतीनं कोणी तरी विचार करायला हवा.

आणि जे आजवर आत नीट येऊच शकत नव्हते, त्यांचाही. २०२४ च्या जानेवारीत वाडा काही महिने बंद ठेवला. त्यात बाहेरचं आवार वाढवलं, रांगेसाठी नव्या बागा केल्या, आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना बाहेर पडणं सोपं व्हावं म्हणून लिफ्ट बसवली. एक दुकानही काढलं, ते काही विचारू नका, दुकानाशिवाय त्यांचं पान हलत नाही. वधूबद्दल जेवढी चर्चा झाली, त्याच्या पासंगालाही पुरेल एवढी लिफ्टबद्दल झाली नाही. मला विचाराल तर सगळ्या डागडुजीत हे काम सर्वांत मोलाचं. घर जुनं असणं हे कोणाला दाराबाहेर ठेवायचं कारण होऊ शकत नाही. आपल्याकडच्या कितीतरी नाट्यगृहांच्या पायऱ्या चढताना मला ही लिफ्ट आठवते.

शेवटी एक गोष्ट सांगतो. वाड्यात एका काचेच्या गोळ्यात मादाम लिओटा नावाच्या मांत्रिक बाईचं बोलणारं डोकं आहे. चेहरा लिओटा टूम्ब्स या डिस्नेमध्येच काम करणाऱ्या बाईंचा. त्यांचं चित्रण करून ते कोऱ्या मुखवट्यावर प्रक्षेपित केलं. आवाज एलेनॉर ऑडली या अभिनेत्रीचा. २००१ पासून जवळजवळ दरवर्षी शरदापासून नाताळापर्यंत वाडा वेगळ्या सजावटीत असतो. त्या दिवसांत गोळ्यात दुसरा चेहरा येतो. तो असतो लिओटाबाईंच्या मुलीचा. आणि ही मुलगी म्हणजे मघाशी सांगितलेल्या किम आयर्विन. सजावट उतरली, की गोळ्यात पुन्हा आईचा चेहरा.

वधूची कुऱ्हाड काढून घेण्याचं ज्यांनी समर्थन केलं, त्यांच्या आईचा चेहरा तिथून दोन खोल्या पलीकडे अर्ध्या शतकाहून अधिक काळ जपलेला आहे. काय ठेवायचं आणि काय बदलायचं, हे ठरवणारी माणसं घरातलीच असली, तर लोकांचा राग थोडा कमी होतो, आणि कामही बरं होतं, असं मला वाटतं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)