आख्खो अल्बम आयकलास काय? इंडस क्रीडचे चार अल्बम

आजचा विषय रॉकचा, आणि बँड आपल्या मुंबईचा: इंडस क्रीड. प्रश्न एकच. यांच्या चार अल्बमपैकी कुठला पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, काहीही न गाळता ऐकावा असा आहे?

आधी ‘आख्खा अल्बम’ म्हणजे काय ते ठरवू. आपला दशावतार घ्या. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर, आणि मग मूळ आख्यान. संकासुर हसवतो म्हणून तेवढाच बघून घरी गेलात तर मजा येईल, पण नाटक बघितलं असं म्हणता येणार नाही. अल्बमचंही तसंच. गाणी चांगली असणं वेगळं आणि एकापाठी दुसरं येण्याला काही कारण असणं वेगळं.

हा बँड १९८४ साली ‘रॉक मशीन’ या नावाने सुरू झाला. पहिला अल्बम ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, १९८८ चा. तेव्हा कॅसेट होती. गाणं स्किप करायचं तर अंदाजाने फॉरवर्डचं बटण दाबायचं, म्हणून लोक सलगच ऐकत. स्वतःची इंग्रजी गाणी काढणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. जोश भरपूर आहे, पण प्रत्येक गाणं ‘आम्हालाही हे जमतं’ एवढंच सांगतं.

दुसरा ‘द सेकंड कमिंग’, १९९०. ‘टॉप ऑफ द रॉक’ आणि ‘प्रिटी चाइल्ड’ यातलीच. सुटी गाणी मोजली तर हाच जिंकतो. पण क्रम उलटसुलट करून ऐका, फारसं काही बिघडत नाही. म्हणजे तो चांगल्या गाण्यांचा संच झाला.

१९९३ मध्ये नाव बदललं, आणि १९९५ ला ‘इंडस क्रीड’ नावाचाच अल्बम आला. आपण नक्की कोण, हा शोध त्यात ऐकू येतो. म्हणून तो सगळ्यात धाडसी वाटतो, आणि थोडा विस्कळीतही. १९९७ मध्ये बँड फुटला.

२०१० ला उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया परत जमले. सोबत नवा बासवाला रुशाद मिस्त्री आणि नवा ड्रमर जय रो कवी. २०१२ ला ‘इव्हॉल्व्ह’ आला. मिक्सिंग टिम पामरचं, ज्याने पर्ल जॅमचा ‘टेन’ मिक्स केला होता. इथे कुणाला काही सिद्ध करायचं नाहीये. आवाजाचा पोत शेवटपर्यंत एकच राहतो, गाणी एकमेकांना जागा देतात. ‘टॉप ऑफ द रॉक’सारखं ओरडून म्हणायचं गाणं यात नाही, हे मान्य. तरी माझं मत ‘इव्हॉल्व्ह’ला.

गंमत बघा, बँडचा सगळ्यात एकसंध अल्बम आला तोच मुळी लोक सलग ऐकायचं सोडत होते तेव्हा. आता पुढचं गाणं ॲप ठरवतं. ॲपला स्किप झालेलं गाणं कळतं, पण ते तिसऱ्या नंबरवर का ठेवलं होतं ते कळत नाही. आपण सलग ऐकलंच नाही, तर उद्या कुठला बँड क्रमावर डोकं खपवेल?

तेव्हा एक करा. अल्बम डाउनलोड करा, शफल बंद, क्रॉसफेडही बंद. कुडाळहून मुंबईची गाडी पकडलीत की लावा. बोगद्यात नेटवर्क गेलं तरी गाणं थांबणार नाही.

तुमचं मत ‘सेकंड कमिंग’ला असेल तर भांडायला येवा, वाट बघतोय. पुढच्या भागात भेटू!